भाजलेल्या तोंडाचे बारा दिवस

शनिवार, ९ मार्च

गेलेच शेवटी. जायचं नव्हतं, तरी गेले.

खारूच्या शाळेच्या धावण्याच्या स्पर्धा. कोर्टाच्या कागदावर स्वच्छ लिहिलंय — आईने शाळेच्या आणि घराच्या आसपास फिरकायचं नाही. फिरकली तर भेटी बंद. आणि भेट आहे ३० तारखेला! वर्षभरानंतरची पहिली. एक तास, समुपदेशक बाईंच्या समोर. ती धड पार पडली तर पुढे दर शनिवारी. हे सगळं मला तोंडपाठ आहे. तरी सकाळी आठ वाजता मैदानामागच्या तारेच्या जाळीला जाऊन चिकटले. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

बाकीचे आईबाप आत, मांडवाखाली नाहीतर मांडवाच्या कडेला, खुर्च्यांवर. मी बाहेर, पाइपांच्या ढिगाशेजारी. सावली म्हणून एक खांब होता, तोही दहानंतर कामाचा राहिला नाही. तोंडाला स्कार्फ बांधून, काळा चष्मा लावून गेले होते. अकराला दोन्ही काढून पिशवीत टाकले. का ते इथे लिहायला हरकत नाही — चुकून तिची नजर गेलीच, तर तिला आई दिसावी, दरोडेखोर नको.

तिची शर्यत सगळ्यात शेवटी. अडीच वाजले. केस कापलेत तिचे. मला कुणी सांगितलं नाही. कोण सांगणार म्हणा! चौथी आली. धावताना जीभ बाहेर काढते अजून. मग पाच-सहा मुलींबरोबर नळावर पाणी प्यायला आली, जाळीपासून वीस पावलांवर. मी हात वर केला नाही. हाकही मारली नाही. तेवढी शुद्ध होती. ती पाणी प्यायली आणि गेली.

घरी येऊन आरसा बघितला. तोंड नुसतं तव्यावरून उतरवल्यासारखं. आणि मी पोटासाठी काय विकते? क्रीम, पावडर, सनस्क्रीन! ‘दर दोन तासांनी परत लावायचं हं मॅडम.’ लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

रविवार, १० मार्च

डोळे सुजून फटी झाल्यात. ओल्या फडक्याखाली पडून आहे. फडकं पाच मिनिटांत गरम होतं.

ताईचा फोन आला. सर्दी झालीय म्हटलं. तिला कळलं तर ती मला सोलून काढेल, आणि आता सोलायलाही काही उरलेलं नाही.

पडल्या पडल्या सगळं परत आठवत बसले. दोनच गोष्टी केल्या मी. एकदा खारू झोपली होती, मी बाहेरून कुलूप लावून संध्याकाळच्या पाळीला गेले. ती उठली, रडली, शेजाऱ्यांनी दार तोडलं. दुसरी, तिच्या बापाकडे ताबा गेल्यावर, मधल्या सुट्टीत तिला शाळेतून कुणाला न विचारता घेऊन गेले. आइस्क्रीम खाल्लं, बागेत बसलो, दोन तासांनी परत आणून सोडली. तोवर पोलीस आले होते. दोन्ही वेळा मला वाटलं होतं, एवढ्याने काय होतंय. आता तिसऱ्यांदा तेच वाटून घेतलं.

बरं तर बरं, भेट तीन आठवड्यांवर आहे. तोवर नवी कातडी येईल.

सोमवार, ११ मार्च

दुकानात नियम आहे, आमच्या काउंटरवरची बाई बिनमेकअपची दिसता कामा नये. दार उघडायच्या आधी मॅनेजरबाई आम्हाला ओळीत उभं करून एकेकीचं तोंड पांढऱ्या दिव्याखाली बघतात. मला बघून त्यांनी चष्मा वर केला. पोहायला गेले होते म्हटलं. त्या म्हणाल्या, “इथे आपण चेहरा विकतो. अर्धा तास देते.”

आधी हिरवा कन्सीलर, लाली मारायला. त्यावर फाउंडेशन. त्यावर पावडर. स्पंज टेकला आणि डोळ्यांसमोर काजवे चमकले. मिरची वाटून लावावी तसं तोंड. ओठ घट्ट मिटून लावत गेले.

शेजारच्या काउंटरवर अत्तरवाली असते. तिचा मुलगा खारूच्याच शाळेत आहे, स्पर्धांचं तिच्याच बोलण्यातून कळलं होतं मला. ती मला बघत होती. “पोहायला? तुला पोहता कधीपासून येतं?” म्हणाली. मी नुसती हसले. हसल्यावर कळलं, हसायचं नाही. मग दिवसभर चोराच्या मनात चांदणं. ती कुणाशीही बोलली की माझे कान तिकडे.

गिऱ्हाइकं मात्र खूश! एक मुलगी म्हणाली, मला तुमच्यासारखी स्किन हवीय. दोन बाटल्या घेऊन गेली. मला तिच्यामागे पळत जाऊन सांगावंसं वाटलं, बाई गं, ही स्किन नाही, हे प्लास्टर आहे.

मंगळवार, १२ मार्च

लावताना दुखतं त्याच्या दुप्पट काढताना दुखतं. आज कापसाबरोबर हनुवटीची सालं आली.

बुधवार, १३ मार्च

जेवणाच्या सुट्टीत कातडीच्या डॉक्टरांकडे गेले. म्हातारे आहेत, फार बोलत नाहीत. त्यांनी ओल्या बोळ्याने गाल पुसला, बोळा उजेडात धरून बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

“हे काय लावलंय?”

सगळं सांगितलं, तिन्ही थर.

“भाजलेल्यावर?”

उजव्या गालावरचे फोड फुटून चिघळलेत म्हणे. दहा दिवस पाणी आणि मलम, बाकी बोटसुद्धा लावायचं नाही. काम काय करता, असं त्यांनी विचारलं. सांगितलं तर त्यांना हसू आलं, आणि मग त्याचंच वाईट वाटलं असावं, कारण फी घेतली नाही. म्हणाले, रजा घ्या.

रजा! सगळी रजा कोर्टाच्या तारखांनी खाल्ली. शिल्लक आहे ती ३० तारखेची, तिला मी मरत असले तरी हात लावणार नाही.

मलम लावलं. त्यावर परत फाउंडेशन लावून काउंटरला उभी राहिले. मलमावर ते बसत नाही, सरकतं. मॅनेजरबाई दोनदा येऊन बघून गेल्या.

गुरुवार, १४ मार्च

समुपदेशक बाईंचा फोन. भेट ३० ला नाही. या शनिवारी, अकरा वाजता. खारूच्या बापाला कामासाठी बाहेरगावी जायचंय, दोन महिने, तिलाही घेऊन. शनिवारी जमत नसेल तर मग थेट जूनमध्ये. “जमेल ना?” म्हणाल्या.

जमेल म्हटलं. म्हणणार नाही तर काय!

वर्षभर या दिवसासाठी जगले. आणि फोन ठेवल्यावर पहिला विचार काय आला? तोंड! हे तोंड घेऊन कुठे जाऊ मी?

खारूचा बाप काही दुधखुळा नाही. स्पर्धेच्या दिवशी मांडवाखाली सगळे मावले नव्हते. अत्तरवाली सांगत होती, अर्ध्या आईबापांची नाकं सोललीत. त्याचंही सोललं असणार. तो माझ्याकडे एकदा बघेल आणि त्याला कळेल मी शनिवारी कुठे होते. तोंडावर लिहिलंय माझ्या. वाचता येणाऱ्याने वाचावं. तो बाईंना सांगेल, बाई फाइलमध्ये लिहितील, आणि खारू गेली. या वेळी कायमची गेली.

जून परवडणार नाही. पोरीचं वय सहा. दोन महिन्यांत ती आणखी किती विसरेल?

झाकायचं. नीट झाकायचं. दुसरं काही येत नाही मला, हे येतं. पंधरा वर्षं हेच केलंय. लोकांचे वांग झाकले, मुरमं झाकली, एकीचा तर सुजलेला डोळा झाकून तिला फोटोला उभी केली. स्वतःचं एक तोंड नाही झाकता येणार?

शुक्रवार, १५ मार्च

रंगीत तालीम झाली. न्हाणीघरात, दार लावून.

सुटलेली सालं नखाच्या कात्रीने कापली. थंड पाणी. पातळ क्रीम, ते मुरेपर्यंत वाट बघायची. हिरवा. पिवळा. मग आमच्याकडचं सगळ्यात घट्ट फाउंडेशन, नववधू नेतात ते. स्पंजने पुसत न्यायचं नाही, नुसतं टेकवायचं. पावडर. वरून स्प्रे. एक तास दहा मिनिटं. डोळ्यांतून पाणी येतं ते टिपायला बाजूला पेपर नॅपकीन, नाहीतर ओघळ पडतात.

झाल्यावर मीच चकित झाले. एक डाग नाही. भाजलेलं सोडा, पस्तिशीसुद्धा दिसत नव्हती! एवढं सफाईदार काम मी गिऱ्हाइकाचंही केलेलं नाही.

फक्त हसायचं नाही. हसले की नाकाच्या बाजूला भेग पडते आणि खालचं लाल दिसतं. भुवया उंचवायच्या नाहीत. बोलायचं ते ओठांच्या पुढच्या टोकाने. आरशासमोर सराव केला. खारू, कशी आहेस बाळा. खारू, शाळेत काय चाललंय. न हसता. जमलं.

शनिवार, १६ मार्च

संपलं.

कुठून लिहू? लिहिते. लिहिलं नाही तर रात्रभर हेच घोकत बसेन.

सकाळी सहाला उठून थर चढवले. दहा पन्नासला कार्यालयात. छोटी खोली, बुटकं टेबल, भिंतीवर कागदी फुलपाखरं, कोपऱ्यात खेळण्यांची टोपली. टोपलीतल्या सगळ्या बाहुल्यांचे केस कुणीतरी ओढून काढलेले. समुपदेशक बाई खिडकीपाशी फाइल घेऊन बसल्या. त्या माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. छान दिसताय, म्हणाल्या.

तो तिला दारापर्यंत सोडून बाहेर बाकावर बसला. त्याचं नाक सोललं होतंच. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि नजर काढून घेतली. काही नाही! काही कळलं नाही त्याला! पहिली दोन मिनिटं मी जिंकले होते.

खारू दारातच उभी. हातात पाण्याची बाटली. माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे, मग परत दाराकडे. मला हसायचं होतं. देवा, मला किती हसायचं होतं. मी ओठांच्या टोकाने म्हटलं, ये ना, बस. ती बसली. खुर्चीच्या अगदी कडेला, उठून पळता येईल अशी.

मी विचारत गेले, ती मान हलवत गेली. शाळा आवडते? मान. मैत्रिणी आहेत? मान. दात पडला का? तर तोंड घट्ट मिटून घेतलं. चित्र काढूया म्हटलं, खडू पुढे केले. तिने एक घेतला आणि हातात धरून बसून राहिली. मग हळूच म्हणाली,

“तुम्ही दुकानातल्या आहात का?”

तुम्ही! आईला कुणी ‘तुम्ही’ म्हणतं? मी ताईला अगं-तुगं करते, आजीला करायचे, जन्मात कुणी आईला अहो-जाहो केलेलं नाही आमच्यात. मला पोटच्या पोरीने ‘तुम्ही’ म्हटलं.

म्हटलं, अगं खारू, मी आई.

‘खारू’ म्हटलं मात्र, तिचा चेहरा असा झाला की मी आयुष्यात विसरणार नाही. भ्यायली ती. खुर्चीवरून उतरली, मागे सरकत गेली. मी उठले, जवळ गेले, नेहमी म्हणायचे तसं म्हटलं — खारूताई, गालात काय लपवलंय? त्यावर ती जी किंचाळली! भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात डोळ्यांवर. “नको, नको, बोलू नका.” बाई उठल्या. तो दार ढकलून आत आला. ती त्याच्या पायांना चिकटली, तोंड त्याच्या पँटमध्ये खुपसून. अकरा वीस झाले होते. एका तासातली वीस मिनिटं.

मी मधोमध उभी. तोंडावरची रेषही हलवली नाही. शिकवलंच होतं ना स्वतःला!

जाताना तो काही बोलला असता तर बरं वाटलं असतं. त्याच्या डोळ्यांत माझी कीव होती.

बाई म्हणाल्या, मी तिच्याशी सोमवारी-मंगळवारी निवांत बोलते, मग बघू. बाहेरगावी जाण्याचं लांबतंय वाटतं, एखादी भेट आणखी ठेवता येईल. त्यांच्या बोलण्यात दम नव्हता. आणि मी, शहाणी, तेव्हाही हाच विचार करत होते की त्या उजेडात उभ्या आहेत, मी जरा तिरकी उभी राहावी.

रविवार, १७ मार्च

आज काढलं. काल तसंच ठेवून झोपले होते. उशीला अर्धं तोंड लागलंय.

ताई आली. तोंड बघून बसली खाली. सगळं सांगितलं, जाळीपासून. शिव्या देईल असं वाटलं होतं. नाही दिल्या. मलम लावून दिलं, लहानपणी लावायची तसं, फुंकर घालत. मग म्हणाली, पोरं विसरतात गं. त्यात त्यांचा दोष नसतो.

म्हटलं, विसरली असती तर चाललं असतं. ती मला भिते.

ताई कुकर लावायला उठली.

कुलूप लावून गेले तेव्हा ती तीन तास अंधारात रडत होती. तेच असणार. माझा आवाज ऐकला की तिला तो अंधार आठवत असणार. चेहरा विसरली, आवाज नाही विसरली. मीच केलंय हे. दुसऱ्या कुणाला शिव्या देऊ?

सोमवार, १८ मार्च

कामावर गेले. लावलं. विकलं. काढलं.

मंगळवार, १९ मार्च

पत्र लिहिलं, समुपदेशक बाईंच्या नावाने. तीनदा फाडलं, चौथ्यांदा लिहिलं. चारच ओळी. भेटींमुळे मुलीला त्रास होतो असं मला दिसलं आहे. तिला माझी भीती वाटते. यापुढे भेटी नकोत. मोठी झाल्यावर तिला वाटलं तर तिने यावं.

शेवटची ओळ काढून टाकणार होते. नाही काढली. एवढी लबाडी राहू दे.

सही केली. पाकीट चिकटवलं. उद्या जेवणाच्या सुट्टीत स्वतः नेऊन देणार. पोस्टाने पाठवलं तर वाटेत विचार बदलेल, मला मी ओळखते.

ताईला सांगितलं नाही. कुणालाच नाही. दुपारी दुकानात एक बाई लेकीला घेऊन आली होती, पाच-सहा वर्षांची. लेक म्हणे, मलापण लिपस्टिक. आई म्हणे, मेले, आधी नाक पूस. अत्तरवाली हसली. मी मागच्या खोलीत जाऊन खोक्यावर बसले. डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही, थर बिघडतो.

बुधवार, २० मार्च

पाकीट द्यायला गेले. द्यायच्या आधी समुपदेशक बाईंनी बसवलं. काल त्या खारूशी बोलल्या. ती म्हणाली, शनिवारी मला खोटी आई दाखवली. ती बाई आईचा आवाज काढत होती. खरी आई शर्यतीच्या दिवशी जाळीमागे उभी होती, तिचं तोंड लालेलाल झालं होतं, आणि मी हे बाबांना सांगितलेलं नाही, तुम्हीपण सांगू नका.

बाई म्हणाल्या, मी फाइलमध्ये काही लिहिलेलं नाही. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “या शनिवारी, अकरा वाजता. येताना तोंड धुऊन या.”